अठ्ठाविसाव्या किलोमीटरवरच्या बावीसजणी

हर्षदा सरनोबतचं यकृत लाखात एक आहे, ही बातमी कोल्हापूरच्या मोजणी कचेरीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. असणारच, कारण ती तिनेच सांगितली होती. आधी एकदा सहज, मग कुणी विचारलं म्हणून, आणि पुढे पुढे कुणी विचारलं नाही म्हणून.

तसा हा तिचा स्वभाव नव्हे. त्रेचाळीस वर्षांच्या हर्षदाने वीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजण्यात घालवली होती. कुणी "अंदाजे इथंच आमचा बांध" असं म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. एकदा सख्ख्या मामाचा बांध मोजणीत दीड फूट मागे आला, तर तिने तो दीड फूट मागे घेतला. मामा दोन वर्षं बोलले नाहीत. दोन्ही दिवाळ्यांना ही फराळाचा डबा घेऊन त्यांच्या दारात हजर. अशी बाई स्वतःच्या यकृताची फुशारकी मारते, म्हणजे तो आकडा कुठल्यातरी यंत्राने दिलेला असणार, हे उघड होतं.

यंत्राचं नाव ‘जुळी’. दंडावर चिकटवायची रुपयाएवढी चकती. ती रक्तातली साखर, घामातलं मीठ, नाडी आणि अंगातली उष्णता दिवसभर टिपत राहते. तुम्ही काय खाल्लं ते तुम्ही तिला फोनवर सांगायचं. एवढ्या मजकुरावरून दूर कुठल्यातरी संगणकात तुमची हुबेहूब दुसरी प्रत तयार होते. तिला तुमचंच हृदय, तुमच्याच पोटऱ्या, तुमचाच दमसास. ही जुळी तुमच्याऐवजी शर्यत पळून बघते. एकदा नव्हे, रोज शंभर वेळा. कधी वारा समोरून, कधी ऊन जास्त, कधी समुद्र खवळलेला. शंभरांतल्या जितक्या वेळा ती शेवटच्या रेषेपर्यंत पोचेल, तितका तुमच्या तयारीचा आकडा.

हर्षदाची शर्यत होती मालवणला, डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी. पावणेचार किलोमीटर समुद्रात पोहायचं, अंग पुसायच्या आत सायकलवर बसून एकशेऐंशी किलोमीटर तोडायचे, आणि मग बेचाळीस किलोमीटर पळायचं. सगळं एका दिवसात, सतरा तासांच्या आत. जुळी येण्याआधी लोक नुसत्या हौसेवर अशा शर्यतींत उतरायचे आणि काहीजण रुग्णवाहिकेतून परत यायचे. म्हणून आता नियमच झाला होता: आकडा पंच्याहत्तर असेल तरच पाण्यात पाऊल. पासष्ट ते पंच्याहत्तरमध्ये असाल तर एक हमीदार लागेल. अर्जात त्याच्यासाठी रकाना होता. हर्षदाने जुलै महिन्यातच त्यावर पट्टी धरून तिरकी रेघ मारली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘लागू नाही’.

तिचा आकडा होता त्र्याण्णव. जुळीच्या म्हणण्याप्रमाणे कारण एकच. उपाशीपोटी शंभर-सव्वाशे किलोमीटर सायकल मारली तरी या बाईच्या रक्तातली साखर हलत नाही. म्हणजे तिचं यकृत साठवलेल्यातून साखर तयार करून पुरवत राहतं. असं यकृत लाखात एखाद्याचं.

फक्त एक गोष्ट तिने कचेरीत सांगितली नव्हती. तिला तयार वाटत नव्हतं. दिवसातून चाळीस वेळा ती फोन काढून त्र्याण्णव बघायची, बरं वाटायचं, आणि फोन खिशात जाईपर्यंत पोटात पुन्हा गोळा यायचा. शर्यतीबद्दल तिला सगळं माहीत होतं आणि तरी काहीच माहीत नाही असं वाटायचं. हा गोळा कुठल्या चकतीत दिसत नव्हता, म्हणून तिने तो हिशेबातच धरला नाही.

शर्यतीला चार दिवस उरले होते. बुधवारी संध्याकाळी तिचे सासरे, आप्पा, फ्रिजसमोर चष्मा कपाळावर चढवून उभे होते. फ्रिजवर जुळीने काढून दिलेला शर्यतीच्या दिवसाचा खाण्याचा तक्ता होता.

आप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं मेकॅनिक होते. इंजिनाचा आवाज ऐकून ते गाडीचं दुखणं सांगायचे. सकाळी डेपोतून गाडी सुटण्याआधी ती मार्गावर सोडण्यालायक आहे अशी चिठ्ठी त्यांच्या सहीने निघायची. आता एसटी विजेवर चालतात, आवाज असा नाहीच, आणि आप्पा निवृत्त होऊन स्वयंपाकघरात रमले आहेत. तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. त्यांचा मारुतीचा शनिवार होता. आयुष्यात कधी उपास न केलेल्या आप्पांनी त्यांच्या माघारी तो शनिवार आपल्याकडे घेतला, आणि एकट्याने खिचडी खाताना त्यांचा घास अडकतो हे बघून हर्षदानेही धरला. देवाधर्माचं तिला फारसं नव्हतं. आप्पांना सोबत हवी होती, एवढंच.

"काय गं," आप्पा म्हणाले, "सायकलवर आठ तास, आन् खायाला फक्त ह्या चार पुड्या?"

"पुड्या नाहीत आप्पा, साखरेचं जेल आहे ते. माझ्या यकृताला तेवढं पुरतं."

"मग शनवारी डबा कुणाच्या यकृताला जातोय?"

हर्षदा हसली. शनिवार हा तिचा लांब सायकलीचा दिवस. पहाटे चारला आप्पा उठून साबुदाण्याची खिचडी करायचे. ती ताटलीभर खाऊन निघायची. पाठीवरच्या पिशवीत सासूबाईंचं नाव कोरलेला स्टीलचा डबा असायचा, त्यात उरलेली खिचडी आणि राजगिऱ्याचे सहा लाडू. गगनबावड्याच्या चढाआधी डबा अर्धा व्हायचा, परतताना रिकामा.

"ते शनिवारचं वेगळं आप्पा. उपास असतो ना."

"आन् यंत्राला काय सांगतीस?"

"उपास म्हणून बटण आहे. ते दाबते."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि तिने ते स्वतःच ऐकलं. हातातला पाण्याचा पेला तिने ओट्यावर ठेवला.

ज्या कुणी ते बटण बनवलं, त्यांच्या देशात उपास म्हणजे नुसतं पाणी. आपल्याकडे उपासाला खाल्लेलं खाण्यात धरत नाहीत. साबुदाणा, दाण्याचा कूट, बटाटा, तूप, गुळाचे लाडू हे सगळं पोटात जातं, पण मनाने बाई उपाशीच असते. हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं की सव्वीस शनिवार तिने बटण दाबलं आणि एकदाही हात अडखळला नाही. बिचाऱ्या जुळीला काय दिसलं? पोटात अन्नाचा कण नाही, पाच तास सायकल चालू आहे, आणि साखर जागची हलत नाही. तिने सरळ, शहाण्या माणसाने काढावा तसा निष्कर्ष काढला, आणि एका साध्यासुध्या यकृताला लाखात एक ठरवलं.

तिचा नवरा रणजित बाहेरच्या खोलीतून आला. सगळं ऐकून तो आधी पोट धरून हसला, मग बायकोचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं.

"हे बघ," तो म्हणाला, "सांगायचं कशाला कुणाला? आकडा आहे तसा राहू दे. त्या दिवशी तू तुझे लाडू खा. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"अगं, खरं भरलंस आणि आकडा खाली आला तर? वर्षभर पहाटे उठलीस ते काय यासाठी?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तो म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं. भर थंडीत कळंब्याच्या तलावात मारलेले हात, सुट्ट्यांवर सोडलेलं पाणी, भाचीच्या लग्नातून जेवणाआधी निघून येणं. एवढं सगळं एका बटणावर येऊन ठेपलं होतं. पण मामाचा बांध मागे घेणारी ती, स्वतःचा पुढे कसा सरकवणार? जेवणाच्या टेबलाशी बसून तिने सव्वीस शनिवार एकेक करून खरे भरले. खिचडी किती, लाडू किती, हे आप्पा शेजारी बसून सांगत होते. त्यांना शनिवार न् शनिवार पाठ होता.

जुळीने पाव तास घेतला. मग पडद्यावर आकडा आला. एकाहत्तर.

रणजित तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. आप्पांनी फोन पुढ्यात ओढला आणि चष्मा नाकावर घेतला.

"म्हंजे शंभरातल्या एकाहत्तरजणी पोचत्यात."

"हो."

"मग बाकीच्या एकोणतीस कुठं पडत्यात?"

हर्षदाने मान वर केली. इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिला सुचला नव्हता. त्र्याण्णव आकडा दिसत असताना उरलेल्या सातजणींची चौकशी कोण करतंय? तिने नकाशा उघडला आणि जुळीला विचारलं. लाल ठिपके उमटले. तीन समुद्रात, चार सायकलच्या चढावर, आणि बावीस एकाच जागी. पळण्याच्या अठ्ठाविसाव्या किलोमीटरला, खाडीवरचा पूल उतरल्या उतरल्या, एसटीच्या थांब्यापाशी.

कारणही जुळीने दिलं. माणसाच्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, तो इथवर येता येता संपतो. अशा वेळी मेंदू उरलेली साखर आधी स्वतःसाठी राखतो आणि पायांचा पुरवठा तोडतो. वाईट म्हणजे तेव्हा भूकच लागत नाही, अन्नाचा वीट येतो. आपल्याला काही झालंय हेच माणसाला पटत नाही. त्या बावीसजणी भुकेने पडल्या, आणि पडताना प्रत्येकीला वाटत होतं की मला खायला नको.

"एसटीचा थांबा," आप्पा म्हणाले. "सावली असंल, बसायला बाक असंल. झ्याक. मी तितं हुबा ऱ्हातो."

शनिवारी दुपारी मालवणच्या एका शाळेच्या वर्गात शर्यतीच्या वैद्यकीय प्रमुख डॉ. सुखटणकर बाई बसल्या होत्या. हर्षदाने तिरकी रेघ मारलेला अर्ज त्यांच्यापुढे ठेवला आणि झाला प्रकार काही न लपवता सांगितला. बाई हसू दाबत ऐकत होत्या.

"सरनोबतबाई, काल अशाच दोघी आल्या होत्या. एकीची एकादशी, एकीचा सोमवार. त्यांना मात्र हमीदार मिळाला नाही. नवरे म्हणाले, जबाबदारी नको." मग त्या आप्पांकडे वळल्या. "आजोबा, तुम्हाला नियम माहीत आहे ना? वाटेत एका ठिकाणी उभं राहता येईल, खायला देता येईल. पण ही धड नाही असं वाटलं, तर हिच्या पायातला वेळ मोजायचा पट्टा काढून घ्यायचा. की शर्यत संपली. तिथे रडारड चालणार नाही. जमेल?"

"बाई, एकतीस वर्सं मी गाड्या मार्गावर सोडल्या. शंभर गाड्या सोडायच्या ठाऊक हाय, आन् एक अडवायची बी ठाऊक हाय. डेपो मॅनेजर बोंबलला तरी अडवायची."

"आणि सून बोंबलली तर?"

"ती बोंबलंल तर बरंच. गप ऱ्हायली तर अडवीन."

डॉक्टरबाईंनी रेघेच्या वर नव्याने रकाना आखून दिला. आप्पांनी सही केली. वर्कशॉपमध्ये करायचे तशीच, आधी तारीख, मग सावकाश पूर्ण नाव. त्या सहीकडे बघताना हर्षदाच्या ध्यानात आलं की पोटातला गोळा नाही. बुधवारपासूनच नव्हता बहुतेक. आकडा बावीसने घसरला होता आणि तिला पहिल्यांदाच तयार वाटत होतं. आपण कुठे पडणार हे तिला आता ठाऊक होतं, आणि तिथे कोण उभं असणार हेही.

रविवारी सकाळी सहाला भोंगा झाला. समुद्र शांत होता. जिथे तीनजणी बुडायला आल्या होत्या तिथे तिने मुद्दाम हात सावकाश मारले. सायकलच्या चढावर चारजणींची आठवण ठेवून गियर हलका केला आणि तिला मागे टाकून जाणाऱ्या तरण्याबांड पोरांना खुशाल जाऊ दिलं. दर अर्ध्या तासाला लाडूचा तुकडा तोंडात. बाजूने जाणारा एकजण ओरडला, "मॅडम, प्रसाद काय?" तिने त्यालाही अर्धा दिला. पळायला लागली तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते, आणि अंग अजून तिचं ऐकत होतं.

विसाव्या किलोमीटरनंतर ते ऐकेनासं झालं. दिवेलागण झाली. पंचविसाव्याला लाडू तोंडाजवळ नेला आणि मळमळलं, तो तिने खिशात ठेवून दिला. आता तिला छान वाटत होतं. काही नको, काही झालेलं नाही, नुसतं चालत राहायचं. पूल कधी चढली ते कळलं नाही. उतरताना पाय एकमेकांत अडकू लागले. समोर एसटीच्या थांब्यावर दिवा होता आणि त्याच्या खाली घडीच्या स्टुलावर कुणीतरी बसलं होतं.

"बस," आप्पा म्हणाले.

"नको आप्पा. मी बरी आहे. भूक नाही."

"बस म्हंतोय."

ती बाकावर बसली. आप्पांनी गुडघे टेकून तिच्या घोट्याजवळ हात नेला. पट्ट्याचा बंद त्यांच्या बोटांत होता. मान तिरकी करून ते तिचा श्वास ऐकत राहिले.

"आज वार कंचा?"

हर्षदाने विचार केला. कुठूनतरी तुपाचा आणि जिऱ्याचा वास येत होता.

"शनिवार."

आप्पांचा हात बंदावर घट्ट झाला. त्यांच्या शेजारी उभा असलेला स्वयंसेवक पुढे सरकला.

"आज रविवार हाय, पोरी."

"मग खिचडी कशी?" ती एकदम चिडून म्हणाली. "रविवारी कधी करता तुम्ही खिचडी? डबा उघडा बघू. खिचडीच आहे. म्हणजे शनिवारच. मला कशाला फसवता?"

आप्पांचे खांदे हसण्याने हलायला लागले. "वास बरुबर, हिशेब बरुबर, फक्त वार चुकला. भांडतीया म्हंजे इंजिन चालू हाय. डिझेल संपलंय नुसतं." त्यांनी पट्टा सोडला आणि चमचा तिच्या तोंडाशी धरला. "खा. सहा चमचे खाल्ल्याबिगर हितनं हलायचं न्हाई. माझी सही हाय."

पहिला चमचा तिने कसाबसा गिळला. दुसरा थोडा सोपा गेला. चौथ्याला तिला मीठ लागलं, आणि सहाव्याला आपण कुठे बसलोय ते कळलं. आप्पांच्या पांढऱ्या खुरट्या दाढीवर दिव्याचा उजेड पडला होता. ते दुपारी चारपासून इथे बसून होते, डबा थंड होऊ नये म्हणून आपल्या स्वेटरात गुंडाळून. तिला हुंदका आला.

"आप्पा, तुम्ही नसता तर..."

"रडण्यात साखर घालवू नगंस. आज वार कंचा?"

"रविवार."

"सुट आता."

ती सुटली. तास, मिनिटं, शेवटची रेघ, गळ्यातलं पदक, रणजितचं नाचणं, हे सगळं रीतसर झालं. सतरा तासांची मुदत संपायला सव्वा तास बाकी होता. डॉ. सुखटणकर बाईंनी स्वतः येऊन आप्पांशी हात मिळवला आणि पुढच्या वर्षीपासून त्या बटणावर हात जायच्या आत ‘काय काय खाल्लं?’ असा प्रश्न येईल अशी तजवीज करते म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरला परतताना गाडी खाडीवरच्या पुलाकडून निघाली. मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेल्या हर्षदाने फोन उघडला. जुळीने निरोप ठेवला होता, अभिनंदनाचा, छापील वाटावा असा. खाली तो नकाशा अजून तसाच होता. तिने लाल ठिपक्यांवरून बोट फिरवलं. काल ती जिथे जिथे सांभाळून गेली, तिथे आधी कुणीतरी पडलं होतं. त्यांचेही पाय हेच, हट्ट हाच. त्यांच्यासाठी तिथे कुणी डबा घेऊन बसलं नव्हतं. त्या पडल्या म्हणून तिला जागा कळली, आणि त्यांचे आभार मानायचे तर फोनवर त्याला बटण नव्हतं.

"गाडी थांबवा जरा," ती म्हणाली.

थांब्यावर एक बाई टोपली घेऊन एसटीची वाट बघत होती. हर्षदा लंगडत उतरली, खिशातला काल न खाल्लेला लाडू काढला आणि बाकाच्या कडेला कागदावर ठेवला. हात जोडावेत की नाही ते तिला कळेना. जमिनी मोजणारी बाई ती, असल्या गोष्टींची तिला सवय नव्हती. पण जोडले.

मागून आप्पा उतरले. लाडवाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. काय चाललंय हे त्यांना सांगावं लागलं नाही. ते परत गाडीकडे गेले आणि सासूबाईंच्या नावाचा डबा घेऊन आले.

"बावीसजणी आन् एक लाडू?" ते म्हणाले. "पोरी, त्या समद्या उपाशीपोटी पडल्यात गं." आणि त्यांनी झाकण उघडून उरलेल्या लाडवांचा डबा तिच्या हातात दिला.